सोलापूरच्या शिवारात अठरा जागांचा शोध

२०१३ च्या उन्हाळ्यात आम्ही सोलापूर जिल्ह्यातील अठरा शेतांमधून मातीचे नमुने घेतले होते. त्या मातीतील सेंद्रिय कर्ब, क्षारता आणि चुनखडीचे प्रमाण तपासून ठेवले होते आणि दहा-अकरा वर्षांनी त्याच जागांवरची माती पुन्हा तपासायची, असे तेव्हाच ठरले होते. यंदा मार्च महिन्याच्या अखेरीस, रब्बीची ज्वारी निघून रानं मोकळी झाल्यावर, आम्ही त्या कामाला निघालो. नमुना घेण्याचे काम अवघड नाही. इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा वीस-बावीस सेंटिमीटर खोल खड्डा घ्यायचा, त्याच्या कडेचा एक थर खुरप्याने वरपासून खालपर्यंत तासून काढायचा आणि ती माती पाटीत गोळा करायची, एवढेच ते काम आहे. खरे कष्ट पडतात ते अकरा वर्षांपूर्वीचा तो खड्डा नेमका कुठे होता, हे शोधायला.

नेमकेपणाचा इतका आग्रह कशासाठी, असे कोणीही विचारेल. आपल्याकडच्या एकाच वावरात बांधालगतची माती आणि मधली माती सारखी नसते. जुना उकिरडा जिथे होता तिथे कर्ब भरपूर मिळतो, विहिरीचा उपसा जिथे पसरला तिथे मुरूम वर आलेला असतो, आणि लिंबाच्या सावलीत गुरे बसत असतील तर त्या जागेची गोष्ट आणखी निराळी असते. वीस मीटर चुकून खड्डा घेतला, तर अकरा वर्षांत माती बदलली की आपणच जागा बदलली, हे पुढे कोणालाही सांगता येणार नाही. म्हणून या चार दिवसांच्या प्रवासाचे वर्णन मी गावांच्या अंगाने कमी आणि अक्षांश-रेखांशांच्या अंगाने जास्त करणार आहे. आमचा बहुतेक वेळ त्यांच्यामागेच गेला.

आम्ही तिघे होतो. मी, भूगोलात पदव्युत्तर शिक्षण घेणारा माझा एक विद्यार्थी, आणि कृषी सहायक म्हणून निवृत्त झालेले एक काका. २०१३ च्या नोंदी ज्या सहकाऱ्याने केल्या ते आता हयात नाहीत. त्यांची दोनशे पानी, पुठ्ठ्याच्या बांधणीची वही मात्र आमच्याकडे होती. प्रत्येक जागेला एक पान, वर गावाचे नाव आणि गट नंबर, त्याखाली अक्षांश-रेखांश, आणि त्याच्याही खाली बारीक अक्षरात दोन-तीन ओळींचे वर्णन. आकडे आहेत म्हटल्यावर हे वर्णन आता वाचायची गरज नाही, असे निघण्यापूर्वी मला वाटत होते.

आदल्या संध्याकाळी सोलापुरात विद्यार्थ्याने सगळे आकडे संगणकावर चढवून केएमएल प्रकारची, म्हणजे नकाशावर खुणा दाखवणारी, फाईल तयार केली आणि गुगल अर्थवर उघडली. पृथ्वीचा गोल फिरला आणि अठराच्या अठरा खुणा नॉर्वेच्याही उत्तरेला, स्पिट्सबर्गेन आणि बेअर आयलंड या बेटांच्या दरम्यानच्या समुद्रात जाऊन पडल्या. कारण समजायला वेळ लागला नाही. आपण बोलताना आणि लिहिताना अक्षांश आधी सांगतो, रेखांश नंतर. गुगल मॅपच्या शोधाच्या चौकटीतही तोच क्रम चालतो. केएमएल फाईलमध्ये मात्र रेखांश आधी लिहावा लागतो, आणि जिओजेसन फाईलमध्येही तसाच. सोलापूर साधारण १७.६६ उत्तर अक्षांश आणि ७५.९१ पूर्व रेखांशावर आहे. क्रम उलटला की ते ७५.९१ उत्तर आणि १७.६६ पूर्व होते, आणि हे ठिकाण आर्क्टिक समुद्रात आहे. क्रम बदलला आणि सगळ्या खुणा सोलापूर जिल्ह्यात आल्या. त्या जिल्ह्यात आल्या म्हणून आम्ही समाधानाने झोपलो, आणि तीच आमची पुढची चूक होती.

पहिला दिवस: कारंबा, नान्नज, मार्डी

सकाळी सहाला निघालो. पहिल्या सहा जागा शहराच्या उत्तरेला, बार्शी रस्त्याच्या आसपास होत्या. विद्यार्थ्याने पहिली खूण निवडून मोबाईलला रस्ता विचारला, तर मोबाईलने मंगळवेढ्याच्या दिशेचा पन्नास-पंचावन्न किलोमीटरांचा रस्ता दाखवला. काका मागच्या सीटवरून म्हणाले, “अहो सर, कारंब्याला जायला मंगळवेढ्याचा रस्ता कशापायी धरायचा?” गाडी बाजूला घेतली आणि वहीचे पहिले पान उघडले. गाव, कारंब्याच्या पुढे. अक्षांश १७.४८.१८, रेखांश ७५.५०.०६.

दोन ठिकाणी टिंब होते. पहिले टिंब दशांशाचे समजून विद्यार्थ्याने दुसरे गाळले आणि १७.४८१८, ७५.५००६ असे चढवले. वहीतले टिंब दशांशचिन्ह नव्हतेच. अंश, मिनिटे आणि सेकंद यांच्यामध्ये घाईने दिलेली ती टिंबे होती. १७ अंश ४८ मिनिटे १८ सेकंद म्हणजे ४८ भागिले ६० हे ०.८ आणि १८ भागिले ३६०० हे ०.००५, एकूण १७.८०५. रेखांश त्याच रीतीने ७५.८३५. दोन्ही आकड्यांतील फरक प्रत्येकी एक तृतीयांश अंशाच्या आसपास. आपल्या भागात एक अंश अक्षांश सुमारे ११०.७ किलोमीटरांचा आणि एक अंश रेखांश सुमारे १०६ किलोमीटरांचा असतो, त्यामुळे खूण दक्षिणेला ३६ आणि पश्चिमेला ३५ किलोमीटर, म्हणजे सरळ रेषेत पन्नास किलोमीटर नैर्ऋत्येला सरकली होती. ती पडली तीही मंगळवेढ्याच्या काळ्या रानात, जिथे आमच्या इतर जागा होत्याच. आर्क्टिक समुद्रातली चूक कोणाच्याही डोळ्यांत भरते. शेतातून उचलून दुसऱ्या शेतात ठेवलेली खूण तशी भरत नाही.

तिथेच गाडीत बसून आम्ही सहाही पाने तपासली, आणि अशा नोंदी ओळखण्याची एक सोपी खूण हाती लागली. मिनिटे आणि सेकंद कधीही ५९ च्या पुढे जात नाहीत. आकडे खरोखर दशांशात असते, तर टिंबानंतरच्या दोन-दोन अंकांच्या जोड्यांमध्ये ६० ते ९९ मधले आकडेही यायला हवे होते. सहा जागांच्या मिळून चोवीस जोड्या होत्या, त्यांपैकी नऊ-दहा तरी साठ किंवा त्यापुढच्या निघायला हव्या होत्या. एकही नव्हती. जुन्या नोंदी हाताळणाऱ्या प्रत्येकाने ही तपासणी आधी करावी, असे मी मनापासून सांगेन. तिला पाच मिनिटे लागतात.

नवा आकडा चढवून आम्ही कारंब्याच्या पुढच्या त्या शेतात पोहोचलो, तेव्हा दुसरा प्रश्न उभा राहिला. एक सेकंद अक्षांश म्हणजे जमिनीवर जवळजवळ ३१ मीटर. सेकंद पूर्णांकात लिहिले असतील, तर ती नोंद आपल्याला तीस मीटरांच्या चौकोनापर्यंत आणून सोडते, त्याच्या आत ती काही सांगत नाही. मोबाईलवर १७.८०५००० असे सहा दशांश अंक दिसतात आणि सहावा अंक अकरा सेंटिमीटरांचा असतो, म्हणून जागाही अकरा सेंटिमीटरांपर्यंत कळली असे वाटू लागते. ते शेवटचे शून्य आमच्या भागाकारातून आलेले होते, जमिनीवरून आलेले नव्हते.

आता खालच्या बारीक ओळी वाचाव्या लागल्या. “विहिरीच्या उत्तर काठापासून बांधाकडे २५ पावले. विहीर ते बांध ६४ पावले.” विहीर होती आणि बांधही होता. टेप लावली तर विहिरीच्या काठापासून बांधापर्यंत बरोबर ४८ मीटर भरले. चौसष्ट पावलांना अठ्ठेचाळीस मीटर, म्हणजे आमच्या सहकाऱ्याचे पाऊल पाऊण मीटरांचे होते. पंचवीस पावले म्हणजे पावणेएकोणीस मीटर. तिथे खुंटी ठोकली आणि मोबाईल तिच्याशेजारी जमिनीवर ठेवून पाच मिनिटे थांबलो. अचूकतेचा आकडा आधी बारा मीटर दाखवत होता, तो हळूहळू चारवर येऊन थांबला. जीपीएसला उपग्रह सापडायला आणि गणित स्थिर व्हायला वेळ लागतो. खिशातून मोबाईल काढून लगेच आकडा टिपणे, ही सगळ्यांना लागलेली घाई आहे. मोबाईलला रेंज नसेल तर जीपीएस चालत नाही, हाही गैरसमज फार आहे. उपग्रहाच्या संकेतांना मोबाईल कंपनीच्या मनोऱ्याची गरज नसते, रेंज लागते ती पाठीमागचा नकाशा उतरवून घ्यायला. म्हणून जिल्ह्याचा नकाशा आम्ही घरूनच मोबाईलमध्ये उतरवून घेतला होता.

त्या पावलाच्या मापाने दुपारपर्यंत पाच जागा मिळाल्या. नान्नजच्या शिवारात शेताच्या मालकांनी आम्हाला द्राक्षाच्या मांडवाखाली बसवून पाणी दिले. ‘सोनाका’ आणि ‘शरद सीडलेस’ या वाणांमुळे नानासाहेब काळे यांचे नाव द्राक्षबागायतदारांमध्ये सर्वत्र माहीत आहे. ते याच नान्नजचे. इथल्या बागा पाहताना ते आठवल्याशिवाय राहत नाही. नान्नजची दुसरी ओळख १९७९ साली जाहीर झालेले माळढोक अभयारण्य ही आहे. आमच्या जागा अभयारण्याच्या बाहेर होत्या, तरी मालकांनी विचारले, “तुम्ही हे आकडे इंटरनेटवर टाकणार का?” प्रश्न रास्त होता. दुर्मीळ पक्ष्याच्या घरट्याचे अक्षांश-रेखांश जाहीर करू नयेत, हे पक्षिनिरीक्षक पाळतात. आयनॅचरॅलिस्टसारखे निसर्गनोंदींचे संकेतस्थळ तर धोक्यात असलेल्या प्रजातींची जागा ०.२ अंशांच्या चौकोनात, म्हणजे वीस-बावीस किलोमीटरांच्या पट्ट्यात, मुद्दाम धूसर करून दाखवते. शेताचा नेमका पत्ता आणि त्या शेताच्या मातीची प्रत एकत्र जाहीर करणेही तितकेच अयोग्य आहे. आमच्या अहवालात गावाचे नाव आणि दोन दशांशांपर्यंतचाच आकडा येईल, असे मी त्यांना सांगितले आणि तसे वहीत त्यांच्यासमोर लिहिले. दोन दशांश म्हणजे सुमारे एक किलोमीटरचा परिसर.

सहावी जागा मार्डीजवळची होती. तिथे वहीतली विहीर बुजवलेली होती. मालकांच्या आईने अंगणातून हात करून ती कुठे होती ते दाखवले, आणि त्या बाजूला जाऊन पाहिल्यावर जमीन थोडी खचलेली दिसली. बांध जागेवर होता, त्यामुळे बांधाकडून उलटी मोजणी करून काम भागले.

दुसरा दिवस: मंद्रूप आणि हत्तरसंग कुडल

विजापूर रस्त्याने हत्तूर, वडकबाळ असे करत मंद्रूपला गेलो. तिथल्या दोन जागा सकाळी दहाच्या आत झाल्या. त्यांचे आकडे पाच दशांशांत लिहिलेले होते आणि वर्णनाशी जुळत होते. त्यांच्याविषयी जास्त लिहिण्यासारखे काही नाही.

उरलेल्या दोन जागा सीना आणि भीमा यांच्या संगमाजवळ, हत्तरसंग कुडलच्या मळईत होत्या. हे गाव मराठी माणसाला शिलालेखामुळे ठाऊक असते. संगमेश्वर मंदिरातील, शके ९४० म्हणजे इसवी सन १०१८ चा, मराठीतील आद्य शिलालेखांत गणला जाणारा हा लेख सोलापूरचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी उजेडात आणला. मंदिरात जाऊन आम्ही तो पाहिला, आणि मग मंदिराचाच उपयोग आमच्या कामासाठी केला. तो कसा, ते सविस्तर सांगतो.

पहिल्या जागेवर वहीप्रमाणे “बाभळीच्या पश्चिमेला १५ पावले” जायचे होते. बाभूळ नव्हती. बांधही नव्हता. दोन-तीन वावरे एक करून तिथे ऊस लावलेला होता आणि ऊस नुकताच तुटून गेला होता. वहीतला आकडा चारच दशांशांचा होता. चौथा अंक अक्षांशाला अकरा मीटरांचा आणि रेखांशाला साडेदहा मीटरांचा असतो, म्हणून आकडा एकटा पुरणार नव्हता. गुगल अर्थमध्ये जुनी उपग्रहचित्रे पाहण्याची सोय आहे. काळाची पट्टी मागे सरकवली की त्या-त्या वर्षी टिपलेली चित्रे एकामागून एक येतात. विद्यार्थ्याने मंदिराच्या ओट्यावर बसून संगणक उघडला आणि २०१३ च्या मागचीपुढची चित्रे काढली. त्यांत बाभूळ होती. एका हिरव्या ठिपक्याच्या पश्चिमेला तिची सावली पडलेली होती, त्यावरून चित्र सकाळचे आहे हेही कळत होते. नंतरच्या चित्रांत ठिपका नाही, आणि त्याहून पुढच्या चित्रांत बांधही नाही.

ठिपक्यावर खूण लावून तिचा आकडा घेणे इतके सोपे असते तर बरे झाले असते. उपग्रहचित्र जमिनीवर बसवताना ते थोडे इकडेतिकडे होते, आणि दोन वेगळ्या वर्षांची चित्रे एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत. चित्र किती सरकले आहे हे पाहायला न हलणारी एक खूण लागते. आम्ही मंदिर घेतले. विद्यार्थी शिखराच्या टोकावर खूण लावत होता, त्याला थांबवले. उपग्रह क्वचितच बरोबर डोक्यावरून पाहतो, तो बहुधा तिरपा पाहतो. त्यामुळे उंच वस्तूचा वरचा भाग चित्रात एका बाजूला झुकलेला असतो आणि प्रत्येक चित्रात तो निराळ्या बाजूला झुकतो. जमिनीला टेकलेली वस्तूच धरली पाहिजे. आम्ही ओट्याचा एक कोपरा धरला. त्या कोपऱ्यावर मोबाईल ठेवून दहा मिनिटांचे वाचन घेतले, जुन्या चित्रातल्या त्याच कोपऱ्याचा आकडा काढला आणि दोन्हींमधला फरक मोजला. जुने चित्र पूर्वेला आठ-नऊ मीटर सरकलेले निघाले. तेवढेच माप उलट दिशेला देऊन बाभळीची खरी जागा काढली, तिथून पंधरा पावले म्हणजे सव्वाअकरा मीटर पश्चिमेला गेलो आणि खुंटी ठोकली.

वहीतला चार दशांशांचा आकडा त्या खुंटीपासून सात मीटरांवर होता. दोन स्वतंत्र वाटांनी आलेल्या जागा इतक्या जवळ आल्यावर मला जे समाधान वाटले ते शब्दांत मांडणे कठीण आहे. ओट्यावर बसलेले गावातले एक आजोबा सगळे पाहत होते. ते म्हणाले, “बाभळ हितंच हुती. माज्या डोळ्यादेखत पाडली.” त्यांनी काठीने दाखवलेली जागा आमच्या खुंटीच्या पूर्वेला, जिथे असायला हवी होती तिथेच होती. त्यांना आधी विचारले असते तर तासभर वाचला असता, हे खरे आहे. पण आमच्या नोंदीत चित्राचा फरक, पावलांचे माप आणि आजोबांची साक्ष हे तिन्ही आता शेजारी-शेजारी आहेत, आणि पुढच्या अकरा वर्षांनी येणाऱ्याला तिन्ही तपासता येतील.

शेवटची जागा नदीच्या अगदी काठाला होती. वहीतला आकडा मोबाईलने दाखवला तो काठाच्या खाली, पात्रातल्या वाळूवर. आकडा चुकला नव्हता. काठच ढासळून मागे आला होता आणि ती जमीन नदीत गेली होती. नमुना घेता येणार नव्हता. वहीत “जागा नदीपात्रात” असे लिहिले, नव्या काठाचे वाचन घेतले आणि परतलो.

तिसरा दिवस: मंगळवेढा

तिऱ्हे, कामती, बेगमपूर या रस्त्याने मंगळवेढ्याला गेलो. बेगमपूरला भीमा ओलांडली की माचणूरचे सिद्धेश्वर मंदिर लागते, आणि तिथून पुढे हळूहळू ते काळे रान सुरू होते ज्याच्यासाठी मंगळवेढ्याला ज्वारीचे कोठार म्हणतात. मार्चमध्ये त्या रानात पाहण्यासारखे काही नसते असे वाटेल, पण मला ते फार आवडते. नजर जाईल तिथपर्यंत सपाट काळी जमीन, मध्येमध्ये कडब्याच्या गंजी, आणि पायाखाली भेगा. एका भेगेत विद्यार्थ्याने हात घातला तो कोपरापर्यंत गेला. ही माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. भेगांतून वरची माती खाली पडते आणि वर्षानुवर्षे स्वतःच उलथापालथ होते. खुंटी ठोकून ठेवली तरी ती दोन पावसाळ्यांत कलते, म्हणून या रानात शेताच्या मध्यावर कायमची खूण टिकत नाही. अशा जमिनीत आकड्यावाचून दुसरा आधार उरत नाही. झाड नाही, विहीर नाही, आणि बांध सगळे एकसारखे.

इथे सहा जागा होत्या. तीन सरळ मिळाल्या. उरलेल्या तिघींचे आकडे वर्णनाशी जुळत नव्हते आणि तिन्ही ठिकाणी चूक एकसारखीच होती. “ओढ्याच्या काठाने” म्हणावे तर खूण ओढ्यापासून दूर रानात पडत होती, तीही दर वेळी आग्नेयेकडच्या रानात. चूक वेगवेगळ्या दिशांना असती तर ती लिहिणाऱ्याच्या हाताची म्हणता आली असती. तिन्हींची दिशा आणि अंतर एकच असेल, तर चूक मोजण्याच्या पायात असते.

पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने “टोपो.” असे लिहिलेले काकांना दिसले. म्हणजे त्या दिवशी जीपीएस यंत्र जवळ नसावे आणि भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या स्थलदर्शक नकाशावरून, म्हणजे टोपोशीटवरून, आकडे वाचलेले असावेत. आपल्या शहराचा आणि मंगळवेढ्याचा भाग ४७ ओ या मालिकेतल्या नकाशांत येतो. जुन्या टोपोशीट पृथ्वीचा जो आकार धरून काढल्या, तो जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या नावाने ओळखला जाणारा १८३० चा आहे. जीपीएस आणि आजचे सगळे ऑनलाइन नकाशे डब्ल्यूजीएस ८४ हा आकार धरतात. दोन्हींत अक्षांश-रेखांशांची जाळी जमिनीवर एकाच जागी बसत नाही, म्हणून एव्हरेस्टच्या जाळीवरून वाचलेला आकडा तसाच मोबाईलमध्ये घातला तर आपल्या भागात खूण शंभर मीटरांहून जास्त चुकते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर सर्वांसाठी निघालेल्या ओपन सिरीज नकाशांत डब्ल्यूजीएस ८४ आहे, त्यामुळे हा त्रास जुन्या छापील नकाशांपुरता आहे. पण जुन्या नोंदी जुन्याच नकाशांवरून झालेल्या असतात.

विद्यार्थ्याने क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत संगणक प्रणालीत तिन्ही आकडे रूपांतरित केले. तिन्ही खुणा वायव्येला सरकल्या आणि ओढ्याच्या काठाला येऊन टेकल्या. काका टाळी वाजवून म्हणाले, “आता बसलं बघा जागेवर!” तरीही इथे थांबता येत नव्हते. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर पन्नास मीटर, आणि पेन्सिलीचे टोक अर्धा मिलिमीटर धरले तरी पंचवीस मीटर. रूपांतर कितीही काटेकोर केले तरी त्या टोकाची जाडी काही केल्या कमी होत नाही.

दोन जागांना ओढ्याचे वळण आणि ताली यांचा आधार मिळाला, महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावरच्या गट नकाशाने शेजारचे गट ओळखायला मदत केली, आणि पावलांच्या मापाने त्या ठरल्या. गट नकाशाविषयी एक सांगायला हवे. त्यातून गटाचा आकार आणि शेजार कळतो, पण तो उपग्रहचित्रावर ठेवून त्याच्या रेषेवरून जागेचा आकडा काढू नये. हद्दीचा निर्णय भूमी अभिलेख खात्याच्या मोजणीनेच होतो, आणि आम्ही हातात मोबाईल घेऊन बांधावर उभे राहिलो की शेजारचा शेतकरी लगबगीने येऊन विचारतो, “मोजणी आलीय का?” प्रत्येक ठिकाणी आधी आपण कोण आणि कशासाठी आलो हे सांगणे, हे कामाचाच भाग समजले पाहिजे. त्या दिवशी एका बांधावर दोन भावांच्या मनात आमच्या खुंटीमुळे नसती शंका आली, आणि ती खुंटी उपटून त्यांच्या हातात दिल्यावरच ते शांत झाले. वाचन झाले होते, खुंटीची गरज उरली नव्हती. नमुना मात्र तिथे घेतला नाही.

तिसरी जागा, वहीतली चौदावी, ठरली नाही. तिच्या वर्णनात फक्त “ओढ्याच्या काठाने, मधोमध” एवढेच होते. दुपारी दोनच्या उन्हात आम्ही काठाने तीनदा चाललो. रानाच्या मालकीणबाईंनी भाकरी, शेंगाची चटणी आणि ताक दिले, आणि “तवा एक मानूस मातीची पिशवी भरून घिऊन गेल्याला आटवतंय” असे म्हणाल्या, पण कुठून ते त्यांना आठवले नाही.

चौथा दिवस: अक्कलकोट रस्ता आणि वही

अक्कलकोट रस्त्यावर दोनच जागा होत्या. शहर सोडून दहा-बारा किलोमीटर पूर्वेला गेले की ७६ पूर्व रेखांश ओलांडला जातो आणि टोपोशीटची मालिका ४७ ची संपून ५६ ची सुरू होते. विद्यार्थ्याला ते पाहायचे होते, म्हणून मोबाईलवर ७५.९९९९९ वरून ७६.००००० होईपर्यंत आम्ही गाडी अगदी हळू चालवली आणि त्या जागी दोन मिनिटे उभे राहिलो. रस्ता, एक टपरी आणि तुरीच्या काड्यांचा ढीग. दोन्ही जागांची कामे अकराला उरकली.

दुपारी घरी नवी वही आखायला बसलो. प्रत्येक जागेला अक्षांश, रेखांश, दोन्ही दशांश अंशांत आणि पाच अंकांपर्यंतच, कारण पाचवा अंक एक मीटरचा आणि आमचे वाचन चार-पाच मीटरांचे. त्यापुढे आकडा कोणत्या यंत्राचा, कोणत्या पद्धतीने, कोणता आधार धरून, वाचन किती मिनिटांचे आणि अचूकता किती, असे रकाने. आणि त्याखाली, जुन्या वहीप्रमाणेच, वर्णनाला पाच ओळी. निघताना जे वर्णन मला अनावश्यक वाटले होते त्याला आता जास्त जागा दिली आहे. पावलांऐवजी टेपचे मीटर लिहिले, आणि झाडाचा आधार कुठेही एकटा ठेवला नाही.

चौदाव्या पानावर आलो तेव्हा विद्यार्थ्याने विचारले, “सर, रूपांतर केलेला आकडा आहे की आपल्याकडे, तोच लिहू का?” तो आकडा पाच दशांशांत फार नेटका दिसत होता. तो लिहिला असता तर पुढे येणाऱ्याने त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला असता. आम्ही तो लिहिला, पण त्याच्याभोवती साठ मीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले, त्या वर्तुळात सारख्या अंतरावर पाच खड्डे घेऊन पाच वेगळ्या पिशव्या भरायच्या असे ठरवले, आणि मालकीणबाईंना फोन करून पुढच्या रविवारी पुन्हा येण्याची परवानगी मागितली. त्या “या की” म्हणाल्या. पंधरा जागांची माती व्हरांड्यात कागदांवर सावलीत वाळत घातली, प्रत्येक ढिगात तिच्या आकड्याची चिठ्ठी ठेवली, आणि सोळावा कागद मोकळा अंथरून ठेवला. नदीत गेलेल्या आणि बांधावरच्या वादामुळे नमुना न घेता सोडलेल्या अशा दोन जागांचे कागद घडी करून वहीत ठेवले आहेत.